ऑफरआधी पैशाची सोय: ईबेवर परदेशी ग्राहकाला माल विकणाऱ्या नवख्यांसाठी

ईबेवर 'बेस्ट ऑफर', म्हणजे खरेदीदाराला स्वतःचा भाव सुचवू देणारी सोय, सुरू ठेवली की भाव पाडून मागणारे येतातच, आणि त्यात वावगे काही नाही. त्रास पुढे होतो. तुम्ही ऑफर स्वीकारता, एकच नग असेल तर लिस्टिंग (विक्रीची जाहिरात) बंद होते, आणि पलीकडचा गप्प बसतो. पैसे भरायला त्याच्याकडे चार दिवस असतात. तेवढे दिवस वस्तू ना विकलेली, ना विकायला मोकळी. पाचव्या दिवशी ऑर्डर रद्द करून लिस्टिंग पुन्हा टाकायची, आणि ज्यांनी आधीची 'वॉच' करून ठेवली होती ते नव्या लिस्टिंगवर येतीलच असे नाही.

यावर तोडगा असा की ऑफर देतानाच खरेदीदाराने पत्ता आणि पैसे देण्याची पद्धत (कार्ड, पेपाल वगैरे) नोंदवायची, आणि तुम्ही ऑफर स्वीकारताच ईबेने ती रक्कम आपोआप वसूल करायची. पॉशमार्कसारख्या काही बाजारांत पहिल्यापासून हीच रीत आहे. हा विसार नव्हे. ऑफर नाकारली गेली किंवा मुदत संपली तर खरेदीदाराचा एक सेंटही जात नाही. आणि त्याचा कार्ड क्रमांक तुम्हाला कधीच दिसत नाही, तो ईबेकडे राहतो. संदेशातून कार्डाचा तपशील मागणे, किंवा 'बाहेर व्यवहार करू, स्वस्त पडेल' म्हणणे, दोन्ही नियमबाह्य आहे आणि खाते बंद पडण्याचा सरळ रस्ता आहे.

ईबेचे भारतातले स्थानिक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. तेव्हापासून इथल्या विक्रेत्याचा ईबेशी संबंध निर्यातीपुरता उरला आहे. पुढचे सगळे त्याच विक्रेत्यासाठी आहे: जुनी एचएमटी घड्याळे, पोस्टाची तिकिटे, कोल्हापुरी चपला, पैठणी, पितळी भांडी असा माल इथून अमेरिका-युरोपात पाठवणाऱ्यांसाठी.

हाताशी काय हवे

- पॅन, आणि त्याच नावाचे बँक खाते
- आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्कात मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते. काहीही बदललेले नसले तरी हे करायचे, नाहीतर कोड निष्क्रिय होतो
- जीएसटी नोंदणी आणि चालू आर्थिक वर्षाचे एलयूटी हे हमीपत्र (फॉर्म आरएफडी-११), म्हणजे आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) न भरता निर्यात करता येते
- बँकेकडून एडी कोड, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्यात नोंदवायचा बँकेचा क्रमांक
- ईबेशी जोडलेले पेओनियर खाते (परदेशातून आलेले पैसे रुपयांत बदलून तुमच्या बँकेत देणारी सेवा)
- वजनकाटा, मोजपट्टी, आणि ज्या मार्गाने पाठवणार त्याचे ताजे दरपत्रक
- प्रत्येक वस्तूचा खरेदीभाव लिहिलेली वही किंवा शीट

शेवटची ओळ किरकोळ वाटते, पण दुसरी पायरी तिच्याशिवाय होत नाही.

१. अट कुठे लावायची, कुठे नाही

ऑफर देतानाच पैशाची पद्धत नोंदवायची, ही अट सगळ्या मालाला डोळे मिटून लावू नका. एकच नग असलेली वस्तू, मागणी पटकन येणारी वस्तू, किंवा सणासुदीच्या आधी विकली गेली पाहिजे अशी वस्तू, इथे चार दिवस अडकणे खरोखर महाग पडते. तिथे अट हवीच. एकसारख्या चाळीस पितळी समया शेल्फवर असतील तर एक नग चार दिवस अडकल्याने काही बिघडत नाही. तिथे अट नसली तर जास्त लोक बोलणे सुरू करतात, आणि त्यातले बरेचसे खरे गिऱ्हाईक निघतात.

अटीची किंमत असते हे धरून चाला. कार्ड नोंदवायला सांगितले की 'बघू तरी काय म्हणतो' म्हणून ऑफर टाकणारे गळतात. त्यांच्याबरोबर मनात अर्धवट असलेले, पण दोन प्रश्न विचारून घेतले असते असे काहीजणही जातात. ऑफरची संख्या घटली म्हणून घाबरून लगेच अट काढू नका. स्वीकारलेल्या ऑफरपैकी किती ऑर्डरचे पैसे आले, हा आकडा बघा. तो आधीच चांगला असेल तर अटीची गरज नव्हती.

एक गाळणी ऑफरच्याही आधीची: ती वस्तू तुम्ही कायदेशीर रीत्या देशाबाहेर पाठवू शकता का? १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, नाणी आणि ७५ वर्षांहून जुनी मौल्यवान हस्तलिखिते खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. जुन्या नाण्यांच्या लिस्टिंगमध्ये नवखे इथेच अडकतात. पैसे आपोआप वसूल झाल्यावर 'पाठवता येत नाही' असे कळले तर रद्द करण्याचा डाग तुमच्याच खात्यावर बसतो.

२. तळभाव काढा, मगच अट सुरू करा

अट नसताना चुकून स्वीकारलेली ऑफर निदान पैसे येईपर्यंत तरी कच्ची असते. अट असताना 'ॲक्सेप्ट'वर बोट पडले की विक्री झाली. म्हणून ज्याच्या खाली विकायचेच नाही तो भाव आधी कागदावर हवा.

एक हिशेब करून पाहू. यातले दर नमुन्याचे आहेत. तुमच्या मागच्या ऑर्डरच्या तपशिलातून खरे आकडे घ्या. जुने चावीचे घड्याळ, खरेदी आणि दुरुस्ती मिळून १,५०० रुपये. पाठवणी मोफत दाखवली आहे आणि तिचा खरा खर्च १,४०० रुपये. खोका, फोम, टेप ६० रुपये. ईबेचे सगळे शुल्क मिळून १५ टक्के, पेओनियरवर पैसे रुपयांत बदलताना २ टक्के, डॉलर ८५ रुपये धरला.

५० डॉलरची ऑफर आली तर:
५० मधून १५ टक्के गेले, उरले ४२.५०. त्यातून २ टक्के गेले, उरले ४१.६५ डॉलर, म्हणजे ३,५४० रुपये. पाठवणी आणि बांधणीचे १,४६० वजा केले की २,०८०. घड्याळाचे १,५०० वजा केले की ५८०. परत येणाऱ्या मालासाठी विक्रीच्या ५ टक्के, म्हणजे २१२ रुपये बाजूला ठेवले तर हातात साधारण ३६८ रुपये.

४५ डॉलरला तोच हिशेब केला तर हातात ३५ रुपये उरतात. म्हणजे ४५ हा तळ. 'पाचच डॉलरचा तर फरक' असे वाटते, पण त्या पाच डॉलरमध्ये नफ्याचा दहातला नऊ हिस्सा गेला.

हिशेबात तीन गोष्टी हमखास सुटतात. ईबेचे विक्रीशुल्क फक्त वस्तूच्या भावावर नसते. खरेदीदाराने दिलेला पाठवणीखर्च आणि अमेरिकेतला विक्रीकर धरून येणाऱ्या एकूण रकमेवर ते लागते. दुसरे, जाहिरात म्हणून 'प्रमोटेड लिस्टिंग' चालू असेल तर त्याची टक्केवारी वेगळी. तिसरे, परत येणाऱ्या मालाचा परतीचा खर्च. अमेरिकेतून घड्याळ परत आणायला घड्याळापेक्षा जास्त पैसे लागू शकतात, म्हणून स्वस्त वस्तू बहुतेक वेळा परत न मागवताच पैसे द्यावे लागतात.

आता लिस्टिंगमध्ये दोन आकडे भरा. विक्रीभाव ६० असेल तर ४५ च्या खालच्या ऑफर आपोआप नाकारल्या जाव्यात, ५४ आणि त्यावरच्या आपोआप स्वीकारल्या जाव्यात. मधल्या ऑफर तुम्ही स्वतः बघायच्या. हे दोन्ही आकडे खरेदीदाराला दिसत नाहीत, पण ईबेवर बहुतेक प्रकारांत एका वस्तूसाठी पाच वेळा ऑफर देता येते. चिकाटीचा माणूस ४०, ४२, ४४ करत तुमचा तळ चाचपडतो. कार्ड नोंदवायची अट असली की हा खेळ बराच कमी होतो, कारण प्रत्येक आकडा खरोखर वसूल होऊ शकतो हे त्यालाही ठाऊक असते.

स्वयंचलित स्वीकृती ठेवायचे खरे कारण वेळेच्या फरकाचे आहे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तिथली संध्याकाळची खरेदी म्हणजे आपली पहाट. चांगली ऑफर तुम्ही झोपेत असताना थंड होऊ नये.

सापळा: 'सेल' लावून भाव ६० वरून ५० केला आणि हे दोन आकडे तसेच राहिले. किंवा जुनी लिस्टिंग प्रत घेऊन नवी केली आणि महाग वस्तूवर स्वस्त वस्तूचे आकडे आले. अट चालू असताना ही चूक चार दिवसांनी नाही, चार सेकंदांत महागात पडते. भाव बदलला की दोन्ही आकडे तपासायचे, अपवाद नाही.

३. सेटिंग सुरू करणे

संगणकावरून करा, ॲपमध्ये सगळे पर्याय एकाच जागी दिसत नाहीत. खात्याच्या सेटिंगमध्ये 'सेलिंग प्रेफरन्सेस' उघडा आणि ऑफर व पेमेंटचे पर्याय शोधा. शब्द आणि जागा देशानुसार बदलतात. काही बाजारांत निवड विक्रेत्याकडे असते, काही ठिकाणी आणि काही खरेदीदारांसाठी ईबे स्वतःच ही पद्धत लावते. तुम्ही अमेरिका आणि ब्रिटन अशा दोन्ही संकेतस्थळांवर लिस्टिंग टाकत असाल तर दोन्हीकडे जाऊन पाहा.

याच्या जोडीला तीन गोष्टी:

'बिझनेस पॉलिसीज' (पैसे, पाठवणी आणि परतीचे एकदाच भरून ठेवलेले नियम) वापरत असाल तर पेमेंटच्या पॉलिसीत 'इमिजिएट पेमेंट'वर खूण करा. ठरलेल्या भावाने विकत घेणाऱ्यासाठी ही खूण आहे. तो पैसे भरेपर्यंत वस्तू इतरांनाही दिसत राहते. ही खूण आणि ऑफरची अट एक नव्हे. नुसती ही खूण करून 'माझी सोय झाली' समजणारे पुष्कळ आहेत.

'बायर रिक्वायरमेंट्स'मध्ये पूर्वी पैसे न भरलेले खरेदीदार आणि तुम्ही माल पाठवत नाही अशा देशांतले खरेदीदार रोखा.

पैसे न भरलेल्या ऑर्डर आपोआप रद्द करण्याची सोयही चालू करून ठेवा. अट असूनही ती लागते. का, ते पुढे सहाव्या पायरीत.

४. एकूण रक्कम आधीच दिसू द्या

ऑफर स्वीकारल्यावर पळणारे सगळेच टवाळ नसतात. बरेचजण पैसे भरायच्या पानावर पाठवणी आणि कर धरून झालेली रक्कम पाहून मागे हटतात. पैशाची पद्धत आधी नोंदवायची म्हटली की त्यांना हा आकडा ऑफर देतानाच कळतो. अर्थात पाठवणीखर्च लिस्टिंगमध्ये ठरलेला असला तरच. 'खर्चासाठी विचारा' लिहिले असेल तर सगळी योजनाच कोलमडते. वजन बांधणीसकट मोजा, देशवार दर भरा.

अमेरिकेसाठी विशेष काळजी. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आता छोट्या पार्सललाही आयातशुल्क आहे. ते पाठवताना तुम्ही भरणार की दारात खरेदीदाराकडून मागितले जाणार, हे तुमच्या कुरियर किंवा टपालसेवेकडून पक्के करून लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहा. तुम्ही भरणार असाल तर ते वरच्या तळभावात घाला.

ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत आणि युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट ईबे स्वतः गोळा करते. युरोपसाठी ऑर्डरसोबत आयओएसएस क्रमांक (व्हॅट आधीच गोळा झाल्याची खूण) येतो. तो सीमाशुल्काच्या माहितीत भरला नाही तर खरेदीदाराला व्हॅट दुसऱ्यांदा भरावा लागतो, आणि मग पार्सल नाकारले जाते.

५. ऑफर आली, आता काय

मधल्या पट्ट्यातली ऑफर असेल तर तीन रस्ते: स्वीकार, नकार, प्रतिऑफर. प्रतिऑफर देताना गोल आकड्यापेक्षा हिशेबातून आलेला आकडा द्या आणि सोबत एक ओळ लिहा: घड्याळ चालू आहे, काच नवी आहे, पाठवणी भावात धरली आहे.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की आपोआप वसुली खरेदीदाराने दिलेल्या आकड्यासाठी असते. प्रतिऑफर हा तुमचा आकडा. तो त्याने मान्य करून पैशाचा टप्पा पूर्ण करेपर्यंत काहीच पक्के नाही. वॉच करणाऱ्यांना तुम्ही स्वतःहून पाठवलेल्या ऑफरचेही तसेच. त्यांनी आधी काही नोंदवलेले नसते.

म्हणून ऑफर कशीही स्वीकारली गेलेली असो, पाहायची जागा एकच: ऑर्डरची स्थिती. 'पैसे यायचे आहेत' आणि 'पाठवायची आहे' या दोन वेगळ्या याद्या आहेत. दुसऱ्या यादीत ऑर्डर दिसल्याशिवाय बांधणीला हात लावू नका. 'पैसे भरले, लवकर पाठवा' अशा ईमेलला, स्क्रीनशॉटला काडीची किंमत नाही.

पहाटे आपोआप विक्री होणार म्हणजे पाठवण्याची मुदतही तेव्हापासून धावू लागणार. 'हँडलिंग टाइम', म्हणजे पैसे आल्यापासून माल पाठवायची मुदत, एक दिवस ठेवण्याचा उत्साह टाळा. टपाल खात्याच्या निर्यात केंद्रात जाऊन कागद करायचे असतील तर तीन कामाचे दिवस ठेवा. गावी जाणार असाल तर 'टाइम अवे' ही सुट्टीची सोय लावा.

बिलावर, टपालाच्या निर्यातपत्रावर आणि सीमाशुल्काच्या माहितीत स्वीकारलेल्या ऑफरची रक्कम लिहायची, लिस्टिंगवरची नाही. ६० ला टाकलेले घड्याळ ५० ला गेले आणि कागदावर ६० राहिले, तर पेओनियरमधून आलेली रक्कम आणि निर्यातीचे कागद जुळत नाहीत. ते निस्तरायला बँकेत खेटे घालावे लागतात. उलट, खरेदीदाराचे शुल्क वाचावे म्हणून ५० चे २० लिहिणे हा गुन्हा आहे, त्याने कितीही गळ घातली तरी.

६. तरीही पैसे आले नाहीत तर

कार्डाची मुदत संपलेली, खात्यात शिल्लक नाही, बँकेने परदेशी विक्रेता पाहून व्यवहार अडवला, अशा कारणांनी आपोआप वसुली फसते. ब्रिटन आणि युरोपात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला बँक ग्राहकाकडून वेगळी खातरजमा मागू शकते, आणि तुम्ही ऑफर स्वीकारली त्या क्षणी तो झोपलेला असू शकतो. म्हणजे वसुली फसली याचा अर्थ माणूस खोटा असा नाही.

अशा वेळी एकच शांत संदेश पाठवा: ऑफर स्वीकारली आहे, पैसे गेले नाहीत असे दिसते, ऑर्डरच्या पानावरून दुसरी पद्धत निवडून भरा. चार दिवस थांबा. पाचव्या दिवसापासून रद्द करता येते.

७. रद्द करताना कारण नीट निवडा

नवख्याचे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, कारण तीन-चार पर्यायांची यादी येते आणि घाईत पहिला निवडला जातो.

पैसे आले नाहीत: 'खरेदीदाराने पैसे भरले नाहीत' हेच कारण. यामुळे त्याच्या नावावर नोंद होते आणि तुमच्यासारख्या इतरांची 'बायर रिक्वायरमेंट्स'ची गाळणी काम करते. दया येऊन दुसरे कारण निवडू नका.

पैसे आले, मग खरेदीदाराने रद्द करायला सांगितले: 'खरेदीदाराने विनंती केली'. आपोआप वसुलीनंतर अशा विनंत्या जास्त येतात, कारण ऑफर देऊन विसरलेला माणूस कार्डावर रक्कम गेल्यावर जागा होतो. माल पाठवला नसेल तर मान्य करून पूर्ण पैसे परत करा. नको असलेली वस्तू बळेच पाठवली की ती काहीतरी खोट काढून परत येतेच.

वस्तू तुमच्याकडे नाही किंवा फुटली: 'साठा नाही'. हा तुमचा दोष म्हणून मोजला जातो. अमेरिकेच्या बाजारात अशा दोषांचे प्रमाण दोन टक्क्यांवर गेले की खात्याचा दर्जा घसरू शकतो. वर्षाला पन्नास ऑर्डर असलेल्या विक्रेत्याने ही टक्केवारी मनात ठेवावी. तीच वस्तू दुकानात आणि इतर संकेतस्थळांवरही विकायला ठेवली असेल, तर ऑफरची ही अट लावण्याआधी साठ्याची शिस्त लावा.

८. एकाच माणसाला चार वस्तू हव्या असतात तेव्हा

तिकिटे, जुनी पोस्टकार्डे, घड्याळाचे सुटे भाग अशा मालात ही अट सगळ्यात जास्त जाचते. प्रत्येक ऑफर स्वीकारताच वेगळी वसूल होते, प्रत्येकीला पूर्ण पाठवणीखर्च लागतो, आणि सगळ्याचे एकत्र बिल करायची संधीच मिळत नाही. खरेदीदार चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

उपाय दोन. एक, लिस्टिंगमध्ये लिहा की एकत्र पाठवणीतला जादा खर्च परत मिळेल, आणि माल पाठवल्याच्या दिवशीच ऑर्डरमधून अंशतः परतावा द्या. दोन, त्याने आधी संदेश केला तर चारही वस्तूंची एकच नवी लिस्टिंग करून द्या. ज्या मालात हे रोज घडते तिथे अट काढून टाकणे हाच शहाणपणा.

९. अट ज्यापासून वाचवत नाही

चोरीच्या कार्डाचेही पैसे आपोआप वसूल होतात. नंतर खरा कार्डधारक बँकेकडे तक्रार करतो आणि वाद तुमच्यापर्यंत येतो. बचाव जुनाच: माग काढता येणारी पाठवणी, ऑर्डरवर छापलेला पत्ता, आणि ७५० डॉलर वा त्याहून मोठ्या ऑर्डरला सहीची पोच. 'भावाच्या पत्त्यावर पाठवा' अशी विनंती आली तर ऑर्डर रद्द करून योग्य पत्त्याने पुन्हा घ्यायला सांगा. 'वर्णनाप्रमाणे नाही' या तक्रारीलाही अट काही करत नाही. जुन्या घड्याळाची डायल नव्याने रंगवलेली असेल तर तसे लिहा आणि फोटो दाखवा. परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात ते लपवलेल्या रंगामुळे.

१०. हीच कल्पना ओएलएक्सवर नेऊ नका

ओएलएक्स किंवा फेसबुकच्या स्थानिक खरेदी-विक्रीत मध्ये पैसे धरणारा कोणी नसतो. तिथे समोरच्याकडे कार्ड किंवा यूपीआयचा तपशील मागणे निरर्थक, आणि त्याने तुमच्याकडे मागितला तर धोक्याची घंटा. 'आधी खातरजमा करतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील' ही ठरलेली फसवणूक आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. वस्तू हातात देताना आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली पाहिजे, समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.